अक्काचा हौद आणि तांब्याचं गाव

निपाणीकडच्या एका वाचक भगिनींचा फोन आला होता. शेतावर नवं घर बांधताहेत. मुलाला अंगणात स्विमिंग पूल हवाय आणि सासरे म्हणताहेत, विहीर असताना हे खूळ कशाला? "तुम्हीच सदरात लिहा, म्हणजे घरातला वाद मिटेल," असं त्या म्हणाल्या. वाद मिटवण्याची हमी मी देत नाही. पण घरचा तलाव बारा महिने सांभाळणं म्हणजे काय असतं, ते मी जवळून बघितलंय. तेही इकडे बेळगाव-निपाणीत नाही, तर पार मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला.

तिथं माझी थोरली बहीण राहते, आमची अक्का. दाजींची सगळी नोकरी तिथल्या तांब्याच्या खाणीवर झाली. हिंदुस्तान कॉपरची ही खाण १९८२ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी दाजी रुजू झाले. "कुठल्या जंगलात दिली पोरगी," म्हणून आमची आई तेव्हा आठवडाभर डोळे पुसत होती. जंगल तर आहेच. कान्हाचं अभयारण्य तिथून फार लांब नाही. पण आपल्या माणसाला ते गाव तितकंसं परकंही वाटत नाही, कारण बालाघाटला लागून आपला गोंदिया जिल्हा आहे आणि बाजारात मराठी कानावर पडते. कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की गाडी थेट गोंदियापर्यंत जाते. तिथून बालाघाट आणि मग बैहरवरून मलाजखंड. डब्यात चपाती, शेंगाचटणी आणि कुंदा असला की प्रवास निभतो.

दाजी खाणीत खाली उतरणारे नव्हते, ते कारखान्यात होते. तिथल्या खनिजात तांबं जेमतेम एक टक्का. म्हणजे शंभर किलो दगड दळावा तेव्हा किलोभर तांबं हाती लागणार. दळलेल्या दगडाची राबडी करतात, तिच्यात औषधं आणि हवा सोडतात, मग तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. हे नीट व्हायला पाण्यात चुन्याचं प्रमाण बरोबर लागतं. त्यामुळे दाजींचा जन्म पाण्याचा पीएच मोजण्यात गेला. २०१४ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेर घर बांधलं. पुढे एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसराही कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की शरीराचा साधारण एक तृतीयांश भारच पायांवर येतो. गावात रोज जाता येईल असा तलाव नव्हता, तेव्हा परसात आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल असं टाकं बांधलं. पाणी चाळीस हजार लिटर. दाजी त्याला पूल म्हणतात, अक्का हौद म्हणते.

आता खरी गोष्ट. बांधायला एकदाच पैसे लागतात, सांभाळायला रोज माणूस लागतो. दाजींकडे थेंबांची एक पेटी आहे. एका नळीत पाणी पिवळं होतं, त्यावरून क्लोरीन कळतो. दुसरीत लालसर होतं, त्यावरून पीएच. क्लोरीन लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम आणि पीएच ७.२ ते ७.६ च्या आसपास, एवढंच जपायचं. त्यात पीएचला लोक किंमत देत नाहीत, पण ७.२ ला क्लोरीनचा जवळपास दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या कामाचा असतो आणि पीएच ८ वर गेला की तोच पावभर उरतो. औषध तेवढंच, पैसे तेवढेच, काम निम्म्याहून कमी. आणखी एक. तलावाला डोळे चुरचुरणारा वास आला की आपण म्हणतो, क्लोरीन जास्त झालाय. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि मळाशी झुंजून दमलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंघोळ. या बाबतीत अक्का जावयालाही सोडत नाही.

चाळीस हजार लिटरला एक मिलिग्रॅमने क्लोरीन वाढवायचा तर चांगल्या ब्लीचिंग पावडरीचे सव्वाशे ग्रॅम पुरतात. चांगल्या म्हणजे ताज्या. एका दुकानदारानं दोन पावसाळे बघितलेली पोती त्यांच्या गळ्यात मारली होती. चार पट टाकली तरी नळीतलं पाणी पिवळं होईना. तेव्हापासून दाजी पोतं उघडून, थोडी पावडर बादलीत कालवून आणि थेंब टाकून बघतात, मगच पैसे देतात.

उन्हाळ्याची सुरुवात तिकडे मोहानं होते. कुंपणालगत मोहाचं झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची फुलं टपटप पाण्यात पडतात. बघायला इतकं छान, पण त्या फुलांत साखर भरलेली. पाण्यात राहिली की क्लोरीन खाऊन टाकतात. त्यामुळे अक्का उजाडायच्या आत जाळी घेऊन हजर. आपल्याकडे मोहाच्या जागी आंब्याचा मोहोर धरा, काम तेच. मे महिन्यात मात्र प्रश्न पाण्याचा. दाजींनी पायरीवर पट्टी लावून मोजलंय. दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे अडीचशे लिटर! बोअरची धार बारीक झालेली असताना रोज अडीचशे लिटर हौदात ओतायचे, यावरून दोघांत खटका उडालाच. अक्का बेळगावची, नळाच्या पाण्याची वाट बघत वाढलेली. ती म्हणाली, गुडघे तुमचे आहेत, पण तहान सगळ्यांची आहे. शेवटी पोहून झालं की पाण्यावर प्लॅस्टिकचं आच्छादन पसरायचं ठरलं. उडणारं पाणी निम्म्याहून कमी झालं आणि क्लोरीनही वाचला, कारण ऊन त्याला भराभर संपवतं. आमच्या सूनबाई धारवाडकडच्या. त्या म्हणाल्या, "बिसिलु नीरही खातं आणि औषधही." हे कन्नड-मराठी वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं फिरतंय.

मे महिन्यातच नातवंडं येतात, आणि या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकून घेणार नाही. तलावाला चारी बाजूंनी छातीइतकं कुंपण आणि आपोआप लागणारं फाटक हवंच. लहान मूल बुडताना सिनेमासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. गुपचूप खाली जातं. मोठं माणूस फोन घ्यायला आत गेलं, एवढा वेळ पुरतो. कुंपणाला पैसे नसतील तर तलाव बांधू नये. विहिरीला आपले आजे कठडा बांधत होतेच की.

पावसाळा म्हणजे खरी परीक्षा. जुलैत एका रात्रीचा पाऊस पडला की क्लोरीन पातळ होतो, अंगणातली माती आत येते, ढगाळ उबदार दिवसांत दोन दिवसांत पाणी हिरवं! सूनबाई तिकडे होत्या तेव्हा सकाळी धावत आल्या, "अत्ती, पाची कट्टैति!" शेवाळाला कन्नडमध्ये पाची म्हणतात, हे मराठी वाचकांना सांगायची आपल्याकडे गरज नाही. अशा वेळी घाबरून सगळं पाणी सोडून देऊ नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. जमिनीखाली पाणी चढलेलं असतं आणि रिकामं टाकं त्याच्या दाबानं होडीसारखं वर उचललं जातं, भिंतींना तडे जातात. भरलेल्या टाक्याचं वजनच त्याला जागेवर धरून ठेवतं. भिंती ब्रशनं घासायच्या, सूर्य मावळल्यावर क्लोरीन नेहमीच्या कितीतरी पट चढवायचा, पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि पाणी निवळून क्लोरीन खाली येईपर्यंत कुणीही उतरायचं नाही. रेतीच्या गाळणीचा काटा चढला की ती उलट धुवायची. दोन-तीन दिवसांत तळ दिसतो.

इथं शेजारी येऊन सल्ला देतात, मोरचूद टाका. आणि तांब्याच्या गावात तो सल्ला मिळणारच! मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ, कन्नडमधलं मैलुतुत्त. आपल्या भागाला ते नवं नाही. तासगाव-विजापूरकडचे द्राक्षवाले आणि शिरसीचे सुपारीवाले ते चुन्यात कालवून फवारतात, तेच बोर्डो मिश्रण. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये ते द्राक्षांसाठी निघालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन या शास्त्रज्ञानं सुपारीच्या कोळे रोगावर ते वापरायला शिकवलं. जे बुरशीला मारतं ते शेवाळालाही मारतं. दाजी टाकतात, पण किती? चाळीस हजार लिटरला चाळीस ग्रॅम, म्हणजे मूठभरही नाही, तेही पावसाळ्याच्या तोंडावर एकदा. मोरचुदात पाव भाग तांबं असतं, तेव्हा लिटरला पाव मिलिग्रॅम झालं. क्लोरीन उडून जातो, तांबं जात नाही, पाण्यात साठत राहतं. दर आठवड्याला टाकत गेलं की फरशीवर निळे-हिरवे डाग पडतात आणि पांढऱ्या केसांना हिरवट झाक येते. दाजींचे एक जुने सहकारी असेच पोपटी डोकं घेऊन लग्नाला गेले होते. शिवाय ते पाणी ओढ्यात सोडलं तर मासे मरतात. तांब्याच्या कळशीतलं पाणी आपण पितो म्हणून मोरचूद निरुपद्रवी, असा हिशोब कुणी मांडू नये. आणि मोरचुदानं शेवाळ मेलं तरी जंतूंसाठी क्लोरीन लागतोच. २०२४ आणि २०२५ साली केरळमध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबानं माणसं दगावली, त्यात लहान मुलंही होती. तो गोड्या उबदार पाण्यात राहतो आणि नाकातून शिरतो. नितळ दिसणारं पाणी सुरक्षित असतंच असं नाही. हे विहिरीत पोहणाऱ्यांनाही लागू आहे.

औषधांबद्दल दोन कडक सूचना. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एकाच डब्यात, एकाच मापानं कधीही नाहीत, त्या एकमेकांत मिसळल्या तर आग लागते. आणि आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी नाही.

गणपतीत एक नाजूक प्रसंग येतो. शेजारी प्रेमानं विचारतात, तुमच्याकडेच विसर्जन करू का? आपल्याकडे कपिलेश्वरच्या तलावावर जायची सवय, त्यामुळे अक्कालाही नाही म्हणवेना. पण शाडूची माती गाळणी तुंबवते आणि रंगांचं तर विचारूच नका. मग तिनं फुलांनी सजवलेलं मोठं पितळी घंगाळ ठेवलं. आता चार घरांचे गणपती त्यात जातात आणि माती तुळशीला मिळते.

दिवाळीनंतर काम हलकं होतं. तिकडे थंडी आपल्यापेक्षा कडक, डिसेंबरच्या रात्री हाडं गोठतात. गार पाण्यात शेवाळ वाढत नाही, म्हणून पंप सहा तासांऐवजी तीन तास. रोजची चार-पाच युनिटं लागायची ती निम्म्यावर येतात. पण पोहत नाही म्हणून तलाव विसरायचा नाही. क्लोरीन संपलेल्या, पानं पडलेल्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यू घरातल्यांनाच आधी गाठतो.

गेल्या वर्षी थंडीत दाजींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर वाकायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही. मुलं बेंगळुरूला. ती म्हणाली, आता पुरे, घर विका, हौद बुजवा, इकडे या. दाजी गप्प बसले. बेंगळुरूच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचे गुडघे किती दिवस चालतील, हे त्यांना ठाऊक आहे. अक्काही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी थेंबांची पेटी तिनं स्वतःच्या ताब्यात घेतली. मी गेले होते तेव्हा नळी उजेडात धरून, चष्मा कपाळावर सरकवून ती रंग जुळवत होती आणि दाजी खाटेवरून आकडे वहीत लिहून घेत होते. घराचं अजून ठरलेलं नाही. मुलं मेमध्ये येतील तेव्हा बोलू, असं चाललंय.

तोवर अक्का पोहायला शिकतेय. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, साडीवर नाही, रीतसर पोहण्याचा पोशाख मागवून. परवा फोनवर सांगत होती, अजून हात सुटत नाहीत, पण पाठीवर तरंगता येतं, आणि तरंगताना मोहाच्या फांद्या दिसतात.