‘असू शकेल’ आणि ‘असलेच पाहिजे’

लातूर जिल्ह्यात प्रवेशपरीक्षा म्हटली की प्रथम वैद्यकी व अभियांत्रिकी ह्यांचेच नाव निघते. तथापि शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावीही एखादा मुलगा वा मुलगी विधिमहाविद्यालयाची आकांक्षा धरून अभ्यासास बसते, व तर्काच्या प्रश्नांपाशी अडखळते. २००८ साली सुरू झालेल्या ‘क्लॅट’ परीक्षेत, तसेच राज्याच्या विधी-सीईटीतही, ह्या प्रश्नांचा स्वतंत्र विभाग आहे. त्यांविषयी आज चार शब्द.

एक नमुना घेऊ. ‘सर्व वकील पदवीधर आहेत. काही पदवीधर शेतकरी आहेत. तस्मात् काही वकील शेतकरी आहेत.’ मुले हे चटकन् मान्य करितात. कारण सोयाबीन-तुरीचे शेत सांभाळून कोर्टात जाणारे वकील त्यांच्या पाहण्यातले असतात. परंतु प्रश्न जगाविषयी नाही, दिलेल्या दोन वाक्यांविषयी आहे. पदवीधरांचे मोठे वर्तुळ काढावे, त्याच्या आत वकिलांचे लहान. आता मोठ्यास छेदील पण लहानास शिवणार नाही, असे शेतकऱ्यांचे वर्तुळ काढता येते. विधाने खरी राहून निष्कर्ष खोटा ठरेल अशी एक जरी आकृती निघाली, तरी तो निष्कर्ष त्याज्य समजावा.

आपल्या न्यायशास्त्रास ही गोष्ट नवी नव्हे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते. अग्नीवरून धुराचे होत नाही. तापून लाल झालेल्या लोहगोलात अग्नी असतो, धूर नसतो. धुरास ओले सरपण लागते, व ती उपाधी प्रत्येक अग्नीस नसते, हे अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’च्या अभ्यासकांस ठाऊकच आहे.

हा विषय केवळ गुणांपुरता नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या शरद सारडा खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच नियम सांगितले व त्यांस ‘पंचशील’ म्हटले. आरोपी दोषी ‘असू शकेल’ एवढ्याने भागत नाही. तो दोषी ‘असलाच पाहिजे’ असे पुराव्याच्या अखंड साखळीने सिद्ध व्हावे लागते. उच्च न्यायालयाने कायम केलेली फाशी तेथे रद्द झाली, आरोपी सुटला. परीक्षेत ह्या दोन शब्दांची गल्लत झाली तर गुण जातो. न्यायासनावर झाली तर प्राण जातो.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती : उत्तर बरोबर आले की नाही, हे मागाहून पाहावे. ‘हे कोणत्या वाक्यावरून निघाले, बाळ?’ हे आधी विचारावे.