कागद कुणाकडून वाचून घ्यायचा?

गेल्या पावसाळ्यात आजीच्या पेन्शनची एक कन्नड नोटीस घरी आली. आजीने ती देवाच्या फोटोमागे जपून ठेवली. का, तर गल्लीत असले कागद वाचून देणारे एकच काका, आणि ते मुलाकडे पुण्याला गेलेले. ते येईपर्यंत दीड महिना गेला, मुदत टळली, पेन्शन तीन महिने बंद. मी घरातच होतो की! शाळेत कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता केलेला. अक्षरं लागली, अर्थ लागेना.

मी राज्यशास्त्र शिकतो. संविधानाचं कलम ३५० मला पाठ आहे: तक्रारीचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. तो हक्क आपला आहे आणि तो सोडायचा नाही. पण उत्तर कुठल्या भाषेत येईल, यावर ते कलम काहीच बोलत नाही.

महाराष्ट्र सरकारने सुप्रीम कोर्टात दावा घातला २००४ साली. म्हणजे तो जवळजवळ माझ्याच वयाचा. असला दावा एकट्या गावाला लढता येत नाही, तिथे सरकारवर विसंबावंच लागतं. पण 'निकाल लागला की बघू' हे आपण घरातल्या कागदालाही लावतो, त्याचं काय करायचं?

कुणी म्हणेल, कन्नड वाचायला शिकलास म्हणजे वाकलास. मला उलट वाटतं. दर वेळी दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन उभं राहणं, हे जास्त वाकणं आहे. दुसरे काही मित्र म्हणतात, मोबाईल भाषांतर करतो, माणूस कशाला पाहिजे? मोबाईल शब्द सांगतो रे, पण हा कागद कुठल्या टेबलावर न्यायचा ते सांगत नाही.

आपल्याकडे भात लावणीला पैरा करतात, कुठे सावड म्हणतात. आज आमच्या घरचे दोघं तुमच्या शेतात, परवा तुमचे दोघं आमच्या शेतात. पैशाचं नाव नाही, पण कोण किती दिवस आलं हे घराघरात तोंडपाठ. एक दिवस बुडवा, पुढच्या वर्षी बोलवायला गेल्यावर कळतं. आणि रोपं मात्र ज्याची त्याने तयार ठेवायची. रोपं नसताना माणसं बोलावली तर ती बांधावर बसून चहा पिऊन जातात. पैरा घेणाऱ्याला गावात कुणी परावलंबी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आजीचं निवेदन आम्ही मराठीत दिलं, सोबत कन्नड प्रत जोडली. ती प्रत वर्गातल्या एका कन्नड मित्राने माझ्याकडूनच लिहून घेतली. तीन वेळा खोडली, वर हसला. पेन्शन सुरू झाली. आता आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे बसतो, ऑफिसातले शब्द शिकतो.

मागच्या आठवड्यात तोच एक पिवळा पडलेला कागद घेऊन आला. त्याच्या आजोबांचं खरेदीखत, १९५६ च्या आधीचं. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, कागद मराठीत. त्याच्या घरात कुणालाच वाचता येईना. दोन संध्याकाळी बसलो. तो 'चतुःसीमा' या शब्दावर अडला, मी मोजमापांवर. पूर्वेला ओढा लिहिलाय. तो ओढा आता आहे कुठे, ते बघायला रविवारी दोघं जाणार आहोत.