गाडीवर मशीन मारण्याआधी

ईद तोंडावर आली किंवा घरात निकाह ठरला, की गाडी चकाचक करून घ्यायची घाई सुरू होते. आमच्या सावद्याकडची धूळ, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या घरात जाणारं ऊन आणि बोअरचं क्षाराचं पाणी मिळून रंगाची पार वाट लावतात. केळीच्या मळ्यातून येणाऱ्या गाडीला चीक लागतो तो निराळाच. मग अब्बा म्हणतात, "जा, मशीन मारून आण."

आजच्या गाड्यांच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही बहुधा कमी. बफिंगने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून पातळी सारखी केली जाते. उन्हापासून रंगाला वाचवणारा थर तोच. म्हणून दर ईदला रबिंग करून घेण्याचा शौक आम्हाला पसंत नाही. थर संपला की बॉनेट फिकट पडतं, सोलायला लागतं, आणि मग हिशेब नव्या रंगाचा करावा लागतो.

रोटरी मशीन एकाच आसाभोवती गरगर फिरतं. त्यामुळे काम झपाट्याने होतं आणि उष्णताही तेवढीच निघते. एका जागी रेंगाळलं की रंग जळालाच. हे काम शिकणाऱ्या पोरांनी गाडी आधी नीट धुवावी, कारण पॅडखाली अडकलेला वाळूचा एक कण सगळ्या दारावर रेघा ओढतो. सावलीत, गार पत्र्यावर काम करावं. मिनिटाला 600 ते 1000 फेऱ्यांवर कंपाउंड पसरावं, मग हळूहळू 1500 च्या आसपास न्यावं. एका वेळी दीड-दोन फुटांचाच चौकोन घ्यावा, पॅड सपाट आणि हात चालता. कडांवर थर पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावावी. प्लास्टिकच्या बंपरवर तर फारच जपून. पत्रा हाताला गरम लागला की थांबावं. लोकरीचं पॅड जास्त कापतं, म्हणून शेवटचा हात मऊ फोमचाच. वायर खांद्यावरून मागे टाकावी, आणि सैल बाही, गळ्यातला रुमाल बाजूला ठेवावा. मशीन कापड ओढून घेतं.

गाडी परत आणायला रात्री दुकानातल्या ट्यूबखाली जाऊ नका. सकाळच्या उन्हात बॉनेट तिरपं पाहा. गोल गोल जाळी दिसली तर पैसे देण्याआधी कारागिराला फोमचा हात पुन्हा फिरवायला सांगा.