येन्ना की वेण्णा?

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षास सामान्यतः ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथील सच्छिद्र जांभा दगड ते पाणी शोषून घेतो व पुढे झऱ्यांच्या रूपाने डोंगराच्या कडेस सोडून देतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्या याच डोंगराच्या कन्या होत. त्यांपैकी सावित्री पश्चिमेस उतरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. वेण्णा मात्र पूर्वेची वाट धरते. लिंगमळ्याचा कडा उतरून, मेढ्यावरून वाहत, साताऱ्याजवळ माहुलीस ती कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते.

इंग्रजी अमदानीतील पुस्तकांत या नदीचे नाव ‘येन्ना’ असे आढळते. ते वाचून पुष्कळ जण साहेबाच्या उच्चारास हसतात. आमचे मत निराळे आहे. आपल्या खेड्यांतून ‘वेळ’ यास ‘येळ’ व ‘वेडा’ यास ‘येडा’ म्हणतात, हे कोणास ठाऊक नाही? त्याच चालीने वेण्णेची येन्ना होते. तेव्हा काठच्या माणसाच्या तोंडून जे ऐकले तेच साहेबाने टिपून घेतले असावे, असे आम्हांस वाटते. हसणारा साहेबास हसत नसून, नकळत आपल्याच शेतकरी बांधवास हसत असतो. कोयनेचे पोथीतील नाव ककुद्मती. पण ते पोथीतच राहिले. नदीचे नाव टिकते ते तिचे पाणी पिणाऱ्यांच्या मुखी.

कोणी म्हणेल, नाव कोणतेही असो, पाणी तेच ना? आम्हांस हे मान्य नाही. ज्या ओढ्याचे नाव गाव विसरते, त्यास लोक नुसता ‘नाला’ म्हणू लागतात. आणि नाल्यात केर टाकण्यास कोणास लाज वाटत नाही. नावाने हाक मारली की ओळख राहते, आणि ओळखीच्याची काळजी घेतली जाते.

आमची मुले नाईल व ॲमेझॉन यांची लांबी घडाघडा सांगतात. परंतु शाळेच्या वाटेवरील ओढ्याचे नाव विचारले की गप्प होतात. हा दोष एकट्या मुलांचा नव्हे. पालकहो, ते नाव आपणांस ठाऊक असेल तर आजच मुलांस सांगा. मुलांनो, घरी ठाऊक नसेल तर काठावरच्या एखाद्या वृद्ध आजीस विचारा, आणि ती जसे उच्चारील तसेच, शुद्धाशुद्धाचा विचार न करता, वहीत लिहून ठेवा.