खर्जाचा शेजार

संपादक महोदयांनी यंदा आज्ञा केली, "लसीकरण, अतिसार आणि परीक्षेचा ताण हे तीन विषय सोडून कशावरही लिहा." स्मरणिकेच्या वाचकांनी इतकी वर्षे काय सोसले, हे त्या आज्ञेमुळे मला प्रथमच उमगले. तेव्हा या वेळी एका छंदाविषयी लिहितो. घरच्या संगीतयंत्रणेसाठी सबवूफर कसा निवडावा आणि कसा बसवावा, हा माझा विषय आहे. तो तरुण मुलांचा वाटेल, पण वाचता वाचता तो शेजारधर्माचा, आणि काही अंशी आपल्या व्यवसायाचाही आहे, हे ध्यानात येईल.

सबवूफर म्हणजे केवळ अतिमंद्र ध्वनीसाठी केलेला स्वतंत्र ध्वनिवर्धक. निरोगी कानाचा पल्ला 20 ते 20,000 हर्ट्झ, म्हणजे सुमारे दहा सप्तकांचा. त्यातील 20 ते 80 हर्ट्झ ही तळाची दोन सप्तके सबवूफरची. आपणा डॉक्टरांना खालची पट्टी अपरिचित नाही. स्टेथोस्कोपची बेल तिच्याचसाठी असते. मायट्रल स्टेनोसिसची मंद घरघर, किंवा निकोप मुलांच्या छातीतही ऐकू येणारा तिसरा हृदयध्वनी, बेलनेच ऐकावा लागतो. आणि बेल अलगद टेकवावी लागते. दाबली की तिच्याखालची त्वचा ताणली जाऊन स्वतःच डायफ्राम बनते आणि जो ध्वनी ऐकायचा तोच नाहीसा होतो. विद्यार्थिदशेत आमच्या सरांनी एका वॉर्डात माझे मनगट धरून हात किंचित वर उचलला होता. "आता ऐक," एवढेच ते म्हणाले. तो धडा मी रुग्णांच्या बाबतीत कधी विसरलो नाही. सबवूफरच्या बाबतीत मात्र साफ विसरलो.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या संग्रहातील जुन्या रेकॉर्ड मी पुन्हा ऐकू लागलो. आपल्या इंदूरचे नाव ज्यांच्या गायकीशी कायमचे जोडले गेले, त्या उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची रेकॉर्ड त्यात होती. मंद्र सप्तकात संथपणे विहरणारा तो आवाज माझ्या लहान स्पीकरांतून पोरका वाटे. दुकानात गेलो. विक्रेत्याने चित्रपटातील एक स्फोट ऐकवला. खुर्ची हादरली, छाती हादरली आणि विवेकही हादरला असावा. बारा इंची, भल्यामोठ्या पेटीचा सबवूफर मी घरी आणला, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्याची कळ निम्म्याहून पुढे फिरवली.

आठवड्याने खालच्या मजल्यावरचे काका भेटले. सत्तरी ओलांडलेले, बायपास झालेले, अत्यंत मृदुभाषी गृहस्थ. म्हणाले, "डॉक्टर, रात्री तुमच्याकडे पाण्याचा पंप चालतो का हो? भिंतीत काहीतरी घुमतं. आमच्या हिला वाटलं, माझंच हृदय धडधडतंय."

मी ओशाळलो. त्या रात्री पत्नीला वर रेकॉर्ड लावायला सांगून मी काकांच्या शयनगृहात जाऊन बसलो. खाँसाहेबांचा स्वर तेथे मुळीच ऐकू येत नव्हता. तानपुरा नाही, सारंगी नाही, शब्द नाहीत. उरला होता तो डग्ग्याचा ठोका, तोही आकार हरवलेला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. वरच्या पट्टीचे ध्वनी स्लॅब आणि भिंती अडवतात, खालच्या पट्टीचे मात्र पुष्कळसे पार जातात. म्हणजे गाणे माझ्या घरी राहत होते आणि त्याचा उपद्रव तेवढा काकांकडे जात होता. माझे मत बनले ते त्या पलंगाच्या कडेवर बसून.

मुळात आपल्या संगीताला किती खोल जावे लागते? काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण 69 हर्ट्झवर लागते आणि तिचे सौंदर्यही मुख्यतः वर फुलणाऱ्या उपस्वरांत असते. डग्ग्याचा गुंजारव तळहाताच्या दाबाप्रमाणे वरखाली होतो, पण तो शंभर हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे. पियानोचा सर्वांत खालचा स्वर साडेसत्तावीस हर्ट्झचा, परंतु तो क्वचितच वाजतो. चाळीसच्या खाली सतत काम असते ते चित्रपटांतील स्फोटांना आणि भूकंपांना. तेव्हा ख्याल, नाट्यसंगीत, भावगीते ऐकणाऱ्या घराला बारा इंची राक्षसाची गरज नाही. आठ किंवा दहा इंची, बंद पेटीचा सबवूफर पुरेसा होतो. छिद्र असलेली पेटी त्याच आकारात अधिक मोठा आवाज देते, पण तिच्या ठरावीक कंपनसंख्येच्या खाली तो झपाट्याने कोसळतो आणि पेटी सुमार असेल तर ठोका संपल्यावरही घुमारा रेंगाळतो. बंद पेटीचा ध्वनी सावकाश उतरतो आणि ठोका बहुधा वेळेवर थांबतो. तबलजीच्या बाबतीत हा गुण आपण जाणतोच.

खरेदी करताना खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. एके काळी 'पी.एम.पी.ओ.' या चार अक्षरांपुढे हजारो वॅट छापलेले असत. बाळाच्या टॉनिकच्या बाटलीवरील दाव्यांइतकेच ते विश्वसनीय. आर.एम.एस. वॅट किती आणि किती हर्ट्झपर्यंत तीन डेसिबलच्या चढउतारात तो सम राहतो, एवढे दोन प्रश्न विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर मिळाले नाही तर दुकान बदलावे. मी ते बारा इंची धूड निम्म्या किमतीत परत देऊन आठ इंची घेतला. शिक्षणशुल्क समजून ती तूट सोसली.

परंतु निवडीपेक्षा मांडणी महत्त्वाची, आणि यंत्राहून खोली बलवान. 40 हर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. माझा दिवाणखाना 14 फूट लांब, 11 फूट रुंद, 10 फूट उंच. म्हणजे 40 हर्ट्झचा अर्धा तरंग बरोबर लांबीत मावतो, 51चा रुंदीत, 56चा उंचीत. या कंपनसंख्यांना खोली स्वतःच घुमू लागते. भिंतीपाशी हे स्वर फुगतात आणि मध्यभागी जवळजवळ नाहीसे होतात. माझा सोफा नेमका मध्यभागी होता. मला खर्ज ऐकू येईना म्हणून मी कळ पुढे फिरवी, आणि ज्याला ऐकायचे नव्हते त्याच्या कानी सारा खर्ज जाई. सोफा लांबीच्या एक तृतीयांशावर सरकवला आणि निम्मा आजार औषधावाचून बरा झाला. परदेशी पुस्तकांतील घरे बहुधा लाकडी चौकटीची आणि पातळ भिंतींची असतात, त्यांतून बराच खर्ज बाहेर निसटतो. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती आणि फरशी तो खोलीत परतवतात, म्हणून घुमारा अधिक. पडदे आणि उशा यांचा येथे उपयोग नाही. साडेआठ मीटरच्या तरंगाला पडद्याची काय मातब्बरी!

सबवूफरची जागा शोधण्याची रीत मोठी गमतीची आहे. तो क्षणभर आपल्या बैठकीच्या जागी ठेवायचा, डग्ग्याचा भरघोस तुकडा लावायचा आणि स्वतः भिंतीच्या कडेने जमिनीवर रांगत फिरायचे. जेथे प्रत्येक ठोका सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तेथे सबवूफर ठेवायचा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही रीत आधारलेली आहे. बाळ साधारणतः आठव्या-नवव्या महिन्यात रांगते. मी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा रांगलो. पत्नीने दार उघडले, क्षणभर पाहिले आणि विचारले, "अहो, काही हरवलंय का?" जागा मिळाली ती कोपऱ्यापासून चार हात दूर, लांब भिंतीलगत. कोपऱ्यात खोलीचे सारे घुमारे एकदम जागे होतात. आवाज फुकट वाढतो म्हणून दुकानदार कोपरा सुचवतात, पण फुकटचा आवाज शेवटी कोणीतरी भोगतोच.

यानंतर तीन कळा. पहिली क्रॉसओव्हरची. मुख्य स्पीकर 55-60 हर्ट्झपर्यंत जात असतील तर ती 80च्या आसपास ठेवावी. त्याखालील ध्वनीची दिशा कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर कोठे आहे हे उमगत नाही. ती फार वर नेली की गायकाच्या आवाजाचा एक तुकडा भिंतीतून येऊ लागतो. दुसरी फेजची. ती उलटसुलट करून ज्या स्थितीत डग्गा बैठकीवर अधिक भरीव वाटेल ती ठेवावी. तिसरी आवाजाची, आणि येथेच सरांचा हात आठवावा. शून्यापासून सुरू करून, सबवूफर प्रथम जाणवेल तेथे थांबावे आणि मग किंचित मागे यावे. खालच्या पट्टीत थोड्या डेसिबलचा फरकही कानाला मोठा भासतो, म्हणून हे 'किंचित' महत्त्वाचे. तो चालू आहे हे कळू नये, पण बंद करताच उणीव भासावी. मायक्रोफोनने खोली मोजून आपोआप दुरुस्ती करणारी यंत्रे आता सहज मिळतात. फुगलेले स्वर ती चांगले आवरतात. जेथे स्वर नाहीसाच झाला आहे, तेथे मात्र यंत्र हतबल असते, तेथे सोफाच हलवावा लागतो. सबवूफरखालच्या रबरी पायांचेही तसेच. फरशीत उतरणारे कंपन ते थोडे रोखतात, हवेतून स्लॅबवर आदळणारा तरंग रोखत नाहीत. रात्री दहानंतर उपाय एकच, तो बंद करणे.

येथे कोणी म्हणेल, आम्ही कायद्याच्या मर्यादेत आहोत. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागास दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण हे डेसिबल 'ए' पद्धतीने मोजलेले असतात आणि त्या पद्धतीत 50 हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. 75चा घुमारा मीटरवर 45 दिसतो. मंद आवाजाला कान खालच्या पट्टीत बधिर असतो, म्हणून ही वजाबाकी निराधार नाही. परंतु भिंतीपलीकडे जेव्हा केवळ खर्जच पोहोचतो, तेव्हा हा आकडा त्रासाचे माप देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत, खालच्या पट्टीचे प्राबल्य असेल तेथे मर्यादा आणखी कमी असाव्यात, असे सुचवले होते. बेल दाबून धरावी आणि घरघर नाही असा शेरा मारावा, तशातला हा प्रकार.

आपल्या सभांत वरातींतील डीजेविरुद्ध आपण आवेशाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. गर्भ साधारण पंचविसाव्या आठवड्यानंतर ध्वनीला प्रतिसाद देऊ लागतो. आईच्या उदरातून वरच्या पट्ट्या गाळल्या जातात, खर्ज बराचसा तसाच पोहोचतो. रस्त्यावरची ती भिंत कोणाकोणाच्या कानी जाते, हे आपणाहून कोण अधिक जाणतो? परंतु गेल्या खेपेच्या आपल्याच स्नेहसंमेलनात व्यासपीठापुढे दोन मोठे सबवूफर होते आणि त्यांच्यासमोर, सतरंजीवर, आपली नातवंडे बसली होती. मी स्वतः तेथे होतो आणि उठून काही बोललो नाही. प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तास 80 डेसिबल ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा मानली जाते, मुलांसाठी तीच 75. म्हणून यंदा माझी सूचना अशी: सबवूफर मुलांच्या सतरंजीपासून दूर असावेत, त्यांचा आवाज सभागृह भरल्यावर आपल्यापैकी एकाने शेवटच्या रांगेत उभे राहून ठरवावा आणि गायकाचे शब्द कळत नसतील तर प्रथम खर्ज कमी करायला सांगावे. हे काम मी आनंदाने करीन.

घरचे सांगायचे तर, आठ इंची बसवल्यावर मी पुन्हा काकांकडे जाऊन बसलो. या वेळी वर मारवा चालू होता. खाली पंख्याची घरघर आणि घड्याळाची टिकटिक एवढेच ऐकू आले. काकांनी विचारले, "लावलंय का?" मी होकार दिला. "मग मी वर येऊनच ऐकतो," म्हणाले. काठी घेतली आणि सावकाश जिना चढले. आता बहुतेक रविवारी येतात. कोणी नवा सबवूफर घेत असेल तर माझा एकच आग्रह आहे, शेवटची कळ फिरवण्यापूर्वी एकदा खालच्या मजल्यावर जाऊन ऐकावे.