घरातला निवाडा आणि कायद्यातली संमती

गर्भपाताचा कायदेशीर इतिहास प्रामुख्याने कलमांचा, आठवड्यांचा आणि डॉक्टरांच्या नोंदणीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. बाईचे दिवस राहिल्यावर घरात काय घडते, कोण गप्प बसते आणि निर्णय कोण घेते, याची नोंद त्यात सापडत नाही. ही नोंद मराठी कादंबरीने आणि नाटकाने ठेवली आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, कुटुंबवैद्य आणि कौटुंबिक प्रकरणे चालवणारे वकील यांना हे दोन्ही इतिहास एकत्र वाचावे लागतात. त्यांच्यासमोर येणारी स्त्री घरातला निवाडा ऐकून आलेली असते, आणि कायदा मात्र तिची स्वतःची संमती मागतो.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला. कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात तेवढा वगळला होता. इतर प्रसंगी तीन वर्षांपर्यंत आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर सात वर्षांपर्यंत कैद होती. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही या कलमात गुन्हेगार होती. स्त्रीच्या संमतीविना केलेल्या गर्भपाताला कलम ३१३ ने जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. जन्म लपवणे आणि मूल टाकून देणे यांसाठी वेगळी कलमे होती. या सगळ्या कलमांचा भार त्या काळी सर्वांत जास्त कोणावर पडला, हे मुंबई इलाख्यात उघड दिसत होते. बालवयात लग्न होऊन लवकर वैधव्य आलेल्या, पुनर्विवाहाची वाट बंद असलेल्या उच्चवर्णीय विधवा घरातल्याच पुरुषांच्या अत्याचाराला बळी पडत. दिवस राहिले की घर त्यांच्यावर हात झाडत असे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती, पण घराने ती दिलेली नव्हती.

या कोंडीला पहिले व्यवहारी उत्तर कायद्याने दिले नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने तिथे यावे, सुरक्षितपणे बाळंत व्हावे आणि मूल हवे तर तिथेच ठेवून जावे, अशी सोय होती. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले, आणि पुढे तो डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह सुरू झाले. आजचे नवरंगे बालकाश्रम ही त्याचीच परंपरा. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती काळ्या पाण्यावर आणण्यात आली. वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले जाऊ लागले. त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ या पुस्तकातून उत्तर दिले. आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी बाईच का, हा त्यांचा प्रश्न कायद्याच्या पुस्तकाला पुढची नव्वद वर्षे सुटला नाही.

कथासाहित्याने हा प्रश्न आधीच हाती घेतला होता. बाबा पदमनजी यांची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हकिगतींवर उभी आहे. हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मध्ये यमूच्या आयुष्याचे निर्णय माजघरात आणि ओटीवर होतात, आणि तिला ते फक्त कळवले जातात. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या १९३० च्या ‘ब्राह्मणकन्या’तील कालिंदी विवाहाबाहेरच्या नात्यातून आई होते. त्यानंतर तिला जगात जागा मिळेल की नाही, याची चिकित्सा लेखक समाजशास्त्रज्ञाच्या शिस्तीने करतो. विभावरी शिरूरकरांच्या १९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’ची नायिका पतीपासून दूर राहून विवाहाबाहेर मातृत्व स्वीकारते. कादंबरीतली कुटुंबे बदलत गेली. मूल हवे की नको, याबद्दल स्त्रीचेही काही मत असू शकते, ही जाणीव या लेखनात पानोपानी वाढत गेलेली दिसते.

त्याच काळात र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालवत होते. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, ते १९५३ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. गर्भ राहू न देण्याच्या साधनांबद्दल लिहिणेही तेव्हा अश्लील ठरत होते. कर्व्यांवर खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. राहिलेल्या गर्भाबद्दल मोकळेपणाने बोलण्याची वेळ यायला आणखी तीस वर्षे लागली.

ती वेळ महाराष्ट्राच्याच एका मंत्र्यामुळे आली. १९६४ मध्ये केंद्र सरकारने राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबर १९६६ मध्ये तिचा अहवाल आला. देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम केले जात असावेत, असा समितीचा अंदाज होता. त्यांतले बहुतेक कायद्याच्या नजरेआड, सुईणीच्या, वैदूच्या किंवा घरच्यांच्या हातून होत. कायद्याने गर्भपात थांबलेला नाही, फक्त तो अंधारात गेला आहे आणि त्यात बायका मरत आहेत, हा या अहवालाचा गाभा. इंग्लंडने १९६७ मध्ये आपला कायदा सैल केला. भारताची दंडसंहिता इंग्रजांनीच घडवलेली असल्यामुळे या बदलाचे वजन इथेही जाणवले.

१९६७ मध्येच विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आले. वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटूच्या खटल्यात लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, तोही कलम ३०२ खाली, म्हणजे खुनाचा. गर्भपाताचा कायदा ३१२ मध्ये आहे, हे त्या कोर्टातल्या वकिलालाही आठवत नाही, कारण तिथे कायदा चालूच नसतो. चालू असते ते घराचे, शेजाराचे आणि शाळेचे कोर्ट. मुलाचा बाप प्राध्यापक दामले खटल्यात हजरच नाही. बेणारेला मूल हवे आहे. तरीही शेवटी तिने आईपण घ्यायचे नाही, पोटातले मूल नष्ट व्हायचे, असा निकाल दिला जातो. ज्या कृत्याचा आरोप ठेवला तेच कृत्य शिक्षा म्हणून फर्मावणारा हा निकाल कायद्याने तपासला तर कलम ३१३ मध्ये बसतो: स्त्रीच्या संमतीविना गर्भपात, सर्वांत कठोर शिक्षेचा गुन्हा. सक्तीचे मातृत्व आणि सक्तीचा गर्भपात यांचे मूळ एकच आहे, हे मराठी रंगभूमीने कायद्याच्या आधी चार वर्षे दाखवून दिले.

वैद्यकीय गर्भपात कायदा ऑगस्ट १९७१ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याने ३१२ रद्द केले नाही, त्याला अपवाद निर्माण केला. नोंदणीकृत डॉक्टरने, मान्यताप्राप्त ठिकाणी, ठरलेल्या कारणांसाठी गर्भपात केला तर तो गुन्हा ठरणार नाही. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, वीसपर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरेसे होते. बलात्कारातून राहिलेला गर्भ आणि विवाहित जोडप्याच्या गर्भनिरोधकाचे अपयश ही मानसिक आरोग्याला इजा मानण्याची कारणे ठरली. म्हणजे कायद्याने अविवाहित बेणारेला अजून नावाने ओळखले नव्हते. पण एक वाक्य मात्र निर्णायक होते: अठरा वर्षांवरील, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीसाठी संमती फक्त तिची. पतीची, सासूची, वडिलांची सही कायद्याने कधीच मागितलेली नाही.

महाराष्ट्रात पुढच्या काळात दुसरा एक कायदा याच्या शेजारी येऊन उभा राहिला. गर्भजलपरीक्षेचा लिंगनिदानासाठी गैरवापर सुरू झाल्यावर स्त्रीसंघटनांच्या लढ्यातून राज्याने १९८८ मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. इथेही निर्णय घरातच होत होता, आणि बाईवर ‘मुलगाच हवा’ हा दाब होता. या लढ्याचा एक अनिष्ट परिणाम वैद्यकीय व्यवहारावर झाला. गुन्हा लिंगनिदानाचा आणि लिंगनिवडीचा आहे. कायद्यात बसणारा गर्भपात गुन्हा नाही. पण कारवाईच्या भीतीने अनेक ठिकाणी पात्र स्त्रियांनाही परत पाठवले जाते, आणि त्या औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतात. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यांतले ७३ टक्के आरोग्यकेंद्राबाहेर, गोळ्यांनी.

कायद्याचा पुढचा प्रवास विवाहाकडून व्यक्तीकडे झाला. २००३ पासून मान्यतेचे अधिकार जिल्हास्तरीय समित्यांकडे आले आणि गोळ्यांच्या वापराला नियमांत जागा मिळाली. २००८ मध्ये गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळलेल्या प्रकरणात डॉ. निखिल दातार आणि संबंधित दांपत्य मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण वीस आठवड्यांची मर्यादा ओलांडली असल्याने परवानगी नाकारली गेली. त्या निकालानंतर मर्यादेचा फेरविचार करण्याची मागणी देशभर वाढली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रजननाचा निर्णय अनुच्छेद २१ च्या व्यक्तिस्वातंत्र्यात बसवला. २०१६ मध्ये महिला कैद्यांविषयी स्वतःहून दाखल केलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने गर्भाबाबतचा निर्णय स्त्रीचाच असल्याचे सांगितले.

२०२१ च्या दुरुस्तीने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे केले. ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि गर्भातील गंभीर दोषांसाठी वैद्यकीय मंडळाच्या मताने तीही उठवली. ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ आला. गर्भारपणात वैधव्य किंवा घटस्फोट येणे हे चोवीस आठवड्यांचे कारण म्हणून नियमांत लिहिले गेले. ज्या स्थितीत एकोणिसाव्या शतकातली स्त्री गुन्हेगार ठरत होती, त्याच स्थितीत आजच्या स्त्रीला अधिक मुदत मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने अविवाहित स्त्रियाही याच नियमात आल्या. दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेत गर्भपाताची जुनी कलमे ८८ ते ९२ या क्रमांकांनी कायम आहेत, म्हणून हे संरक्षण नियम पाळले तरच मिळते.

तरीही कायदा सर्वत्र एकाच सुरात बोलत नाही. २००७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय कारण नसताना आणि पतीच्या माहितीशिवाय वा संमतीशिवाय केलेला गर्भपात मानसिक क्रूरतेच्या उदाहरणांत धरला. त्यामुळे रुग्णालयात पूर्णपणे कायदेशीर असलेली कृती कौटुंबिक न्यायालयात स्त्रीविरुद्ध मांडली जाऊ शकते. पतीच्या सहीचा आग्रह धरणारे अनेक दवाखाने याच भीतीकडे बोट दाखवतात. पण घटस्फोटाच्या दाव्याची शक्यता हे उपचार नाकारण्याचे कारण कायद्याने मान्य केलेले नाही.

पेण-रोहा भागातल्या रामवाडीसारख्या वस्तीत या सगळ्याचा अर्थ अगदी रोजचा आहे. लहान गावात बाई एकटी दवाखान्यात येत नाही. सोबत नवरा, सासू किंवा जाऊ असते, आणि दवाखान्याबाहेर बसलेले अर्धे लोक ओळखीचे असतात. तिथे वैद्यकीय व्यावसायिकाची पहिली जबाबदारी म्हणजे तिच्याशी एकांतात बोलण्याची जागा आणि वेळ काढणे. तिला मूल नको आहे की घराला नको आहे, हे त्या एकांतातच कळते. तिने नकार दिला तर सासरच्यांचा आग्रह कितीही असो, तो गर्भपात गुन्हा आहे. तिने होकार दिला तर तिची एक सही पुरे. गोपनीयता हा शिष्टाचार राहिलेला नाही. कायद्याने परवानगी न दिलेल्या व्यक्तीला तिची ओळख सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अठरा वर्षांखालील मुलगी, लग्न झालेली असो वा नसो, पालकाच्या संमतीने उपचारास पात्र असते. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली खबर द्यावीच लागते, पण तिने आणि पालकाने विनंती केल्यास त्या खबरीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे २०२२ चाच निकाल सांगतो. स्वतःकडे मान्यता नसेल तर तिला रिकाम्या हाती न पाठवता जवळच्या मान्यताप्राप्त केंद्राची चिठ्ठी लिहून देणे, हेही त्याच जबाबदारीत येते. वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक आठवडा तिचा पर्याय अवघड आणि धोकादायक करतो.

वकिलांचे काम याला पूरक आहे. संमतीपत्र, डॉक्टरांचे मत आणि नोंदवही यांतला प्रत्येक कागद नेमका असला, तर पुढे कोणत्याही दाव्यात स्त्री आणि डॉक्टर दोघेही सुरक्षित राहतात. दीडशे वर्षांच्या कायद्याने आणि त्याहून जुन्या कथासाहित्याने मिळून एवढे स्पष्ट केले आहे की गर्भाचा प्रश्न कुटुंबात उभा राहतो, पण त्यावरची संमती एकाच व्यक्तीची असते. घरातले कोर्ट दवाखान्यात भरू न देणे हे या व्यवसायातील प्रत्येकाचे कर्तव्य आहे.