कानात सतत शिट्टी वाजते? मग डीजेसमोर किती वेळ थांबायचं?

भद्रा मारुतीची हनुमान जयंती, जर जरी जर बक्ष यांचा उरूस, गणपतीची मिरवणूक. खुलताबादमध्ये गर्दीला निमित्त कमी नाही आणि आजकाल गर्दी म्हटली की स्पीकर आलेच. पण ज्यांच्या कानात आधीच चोवीस तास शिट्टी किंवा गुणगुण सुरू आहे, त्यांनी काय करायचं? घरात बसून राहायचं?

टिनिटस म्हणजे काय?

बाहेर आवाज नसताना कानात आवाज येणं. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक पेशी मरतात, हे त्याचं एक मोठं कारण. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून टिनिटस असणाऱ्यांनी उरलेली श्रवणशक्ती जपणं महत्त्वाचं.

किती आवाज, किती वेळ?

८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, ही कामाच्या ठिकाणी सुचवली जाणारी मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं! हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज धोक्याचा आहे असं समजा.

मग करायचं काय?

लांब उभे राहा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. अधूनमधून बाजूच्या गल्लीत जाऊन कानांना विश्रांती द्या. फोमचे इअरप्लग वापरा; कापसाच्या बोळ्यांनी फारसा फरक पडत नाही.

मात्र दिवसभर इअरप्लग घालून बसू नका. शांततेत शिट्टी जास्तच जाणवते. घरी पंखा किंवा हळू आवाजातला रेडिओ बरा.

कायदा काय सांगतो?

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकरला बंदी. सणांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. पण ही सूट वेळेची आहे, आवाजाची नाही.

गणेशोत्सवात मर्यादेपलीकडचा आवाज घातक असेल, तर ईदच्या मिरवणुकीतही तो घातकच, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. म्हणजे गावात वाईटपणा येईल या भीतीने गप्प बसायची गरज नाही. ११२ वर फोन करता येतो.

डॉक्टरकडे कधी जायचं?

अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर त्याच दिवशी. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यासारखा येत असेल किंवा सोबत चक्कर असेल, तरीही टाळू नका. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे.

सण सगळ्यांचा आहे. टिनिटस असणाऱ्यांचाही. त्यांनी दोन पावलं मागे सरकावं, हे ठीक. पण आवाजाचं बटण ज्याच्या हातात आहे, त्यानेही ते थोडं मागे फिरवायला हवं.